विष्णुपुरीचं पाणी आणि रेझिनचा उपाय : कारखान्याच्या दारात चालेल, नदीत नाही

विष्णुपुरी (जि. नांदेड) : ऊन तापलं आणि गोदावरीची धार तुटली की डोहात मेलेल्या माशांचा खच दिसतो. तो फोटो नांदेडकरांना नवा नाही. पाणी तपकिरी झालेलं असतं, वर फेस असतो आणि वास कुजलेल्या काकवीसारखा येतो. मोबाइलवर फोटो फिरतो आणि पाठोपाठ दोन गोष्टी येतात. पहिली, "पाण्यात ॲसिड सोडलं." दुसरी, एखाद्या विक्रेत्याची जाहिरात : आयन एक्सचेंज रेझिनचा प्लांट बसवा, पाण्यातलं सगळं ॲसिड, क्षार, घाण निघून जाईल. काही ग्रामपंचायतींपुढे तर अशा प्लांटची कोटेशनंही येतात आणि बंधित निधी कुठं खर्चायचा, हा प्रश्न असतोच.

दोन्ही गोष्टींत थोडं खरं आहे. पाण्यात आम्ल येतं हे खरं आणि रेझिन आम्ल पकडतं हेही खरं. पण रेझिन कोणत्या ठिकाणी आम्ल पकडतं, हे कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं. ग्रामपंचायतीचा पैसा वाचेल की वाया जाईल, हे त्या एका गोष्टीवर ठरतं.

ॲसिड म्हणजे जाळणारं ॲसिड नव्हे

ॲसिड म्हटलं की बॅटरीतलं पाणी डोळ्यासमोर येतं. नदीत येणारी ही आम्लं वेगळी आहेत. ती सेंद्रिय आम्लं. ताकाचा आंबटपणा लॅक्टिक आम्लाचा, व्हिनेगरचा ॲसेटिक आम्लाचा. उसाच्या रसात अ‍ॅकोनिटिक नावाचं आम्ल मुळातच असतं. रस किंवा मळी आंबवली की आणखी आम्लं तयार होतात. म्हणजे ही विषं नव्हेत, खाण्यापिण्यातलीच द्रव्यं आहेत.

मग मासे का मरतात? बहुतेक वेळा ते गुदमरून मरतात. आम्लं आणि सोबतची साखर, प्रथिनं हे जिवाणूंचं खाद्य. ते खाताना जिवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. एक ग्रॅम ॲसेटिक आम्ल पुरतं कुजायला जवळपास एक ग्रॅम ऑक्सिजन लागतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एक लिटर नदीच्या पाण्यात ऑक्सिजन असतो जेमतेम 7 ते 8 मिलिग्रॅम. भोई समाजातल्या जुन्या माणसांना हे पुस्तकाशिवाय माहीत आहे : पाणी बिघडलं की मासे पहाटे वर येऊन तोंड उघडतात. रात्रभर शेवाळही ऑक्सिजन घेतं, त्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी असतो.

हे किती वेगानं होतं ते आकड्यानं बघू. मळीपासून अल्कोहोल काढलं की मागे उरतं ते स्पेंटवॉश. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण 8 ते 15 लिटर. त्याचा बीओडी, म्हणजे कुजताना लागणारा ऑक्सिजन, लिटरला 40 ते 50 हजार मिलिग्रॅमच्या घरात असतो. 45 हजार धरला तर एक लिटर स्पेंटवॉश सुमारे 6 हजार लिटर नदीच्या पाण्यातला सगळा ऑक्सिजन खाऊ शकतो. दहा हजार लिटरचा एक टँकर रात्री ओढ्यात रिकामा झाला तर हिशेब जातो 6 कोटी लिटरवर, म्हणजे 0.06 दलघमी. भरलेल्या शंकर सागर जलाशयापुढं हा आकडा छोटा आहे. पण मे महिन्यात बंधाऱ्याच्या मागे जे डबकं उरतं, त्याच्यासाठी एक टँकर पुरेसा आहे.

विष्णुपुरीलाच का

विष्णुपुरीचा बंधारा शहराच्या वरच्या अंगाला आहे. नांदेड शहर याच पाण्यावर जगतं, लोहा-कंधारकडच्या शिवाराला उपसा सिंचनाचं पाणी इथूनच जातं. शहराच्या नाल्यांचं सांडपाणी मिसळतं ते बंधाऱ्याच्या खाली, त्याचा त्रास मुदखेड, उमरी, नायगाव, धर्माबादकडच्या नदीकाठाला. विष्णुपुरीत जे येतं ते वरून : गंगाखेडकडून गोदावरी येते, कंठेश्वरजवळ तिला पूर्णा मिळते, आणि दोन्हींच्या काठचे ओढे-नाले सोबत येतात. हा सगळा पट्टा उसाचा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2018 मध्ये देशातले 351 प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यातले सगळ्यात जास्त, 53, महाराष्ट्रातले होते. त्यात गोदावरी आहे.

शिवाय काळ इथेनॉलचा आहे. 2018 च्या जैवइंधन धोरणानंतर पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉलचं लक्ष्य 2030 वरून 2025-26 वर अलीकडं आणलं गेलं. कारखान्यांना त्याचा पैसा मिळाला, उसाच्या बिलाला हातभार लागला, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र अल्कोहोल वाढलं की मागे उरणारं पाणीही वाढतं. नियमानं डिस्टिलरीनं स्पेंटवॉशचा एक थेंबही बाहेर सोडायचा नाही. तो आटवून बॉयलरमध्ये जाळायचा किंवा प्रेसमडमध्ये मिसळून कंपोस्ट करायचं. म्हणजे कागदावर नदीत काही यायलाच नको.

चोपण जमिनीतली तीच युक्ती

आता रेझिनकडे. हे प्लास्टिकचे बारीक मणी असतात, खसखस ते राजगिऱ्याएवढे. त्यांच्या अंगावर विद्युतभार असलेल्या जागा असतात. पाणी मण्यांतून गेलं की मणी पाण्यातला एक आयन धरतात आणि आपल्याजवळचा दुसरा सोडतात. या अदलाबदलीला आयन एक्सचेंज म्हणतात.

मराठवाड्याच्या शेतकऱ्याला ही अदलाबदल नवी नाही. चोपण जमिनीत जिप्सम का टाकतात? काळ्या मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. जिप्सममधला कॅल्शियम त्याची जागा घेतो, सोडियम सुटतो आणि निचऱ्याच्या पाण्याबरोबर जातो. निचरा नसेल तर जिप्सम वाया. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवावं, रेझिनच्या बाबतीत ते पुन्हा येणार आहे. या विद्येचा शोधही मातीतच लागला. 1850 च्या सुमारास इंग्लंडमध्ये थॉम्पसन आणि वे यांनी खताचं पाणी मातीतून गाळलं, तर अमोनिया मातीत राहिला आणि खालून चुना निघाला. कृत्रिम रेझिन आलं 1935 मध्ये, ॲडम्स आणि होम्स या दोघांमुळं. बोअरच्या जड पाण्यासाठी घराघरात जो सॉफ्टनर बसतो, ज्यात दर काही दिवसांनी मीठ टाकावं लागतं, त्यात हेच मणी असतात. तो पाण्यातला कॅल्शियम घेतो आणि मिठातला सोडियम देतो. यापलीकडे तो काही करत नाही.

सेंद्रिय आम्लं पकडायला दुसऱ्या जातीचं रेझिन लागतं, त्याला दुर्बळ-क्षारी रेझिन म्हणतात. यावर महाराष्ट्रातच चांगलं काम झालं आहे. आयआयटी मुंबईत विनय भंडारी, विनय जुवेकर आणि पटवर्धन यांनी 1992 पासून या रेझिनवर वेगवेगळी आम्लं कशी बसतात, याचा अभ्यास मांडला. भंडारी पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सांडपाण्यावरच काम करत राहिले. तेव्हा हे तंत्र म्हणजे कुणा विक्रेत्याची थाप नाही. ते खरं आहे, फक्त त्याची एक अट आहे.

अट अशी : दुर्बळ-क्षारी रेझिनला आम्ल मोकळं, आंबट अवस्थेत हवं. पाण्याचा सामू 3-4 असेल तर ॲसेटिक आम्ल बहुतांशी मोकळं असतं, रेझिन ते गपकन घेतं. सामू 7 च्या वर गेला की तेच आम्ल क्षाराच्या रूपात असतं आणि हे रेझिन त्याच्याकडे बघतही नाही.

मग ते चालतं कुठं

चालण्यासारखी जागा कारखान्याच्या आत आहे. स्पेंटवॉश आटवताना जी वाफ निघते ती थंड करून पाणी मिळतं, त्याला कंडेन्सेट म्हणतात. दिसायला स्वच्छ, अगदी बिसलेरीसारखं, पण आंबट. कारण ॲसेटिक, फॉर्मिकसारखी उडून जाणारी आम्लं वाफेबरोबर त्यात येतात. हे पाणी पुन्हा आंबवणीच्या टाकीत वापरलं तर ही आम्लं यीस्टला मंद करतात, आणि तसंच बाहेर सोडलं तर नाल्याचं वाटोळं होतं. फ्रान्समध्ये बीटपासून अल्कोहोल करणाऱ्या डिस्टिलऱ्यांच्या अशाच पाण्यावर रेझिन वापरून बघण्याचं संशोधन 2010 च्या आसपास प्रसिद्ध झालं. उद्देश हाच होता की पाणी पुन्हा वापरता यावं आणि नदीतून नवं उचलावं लागू नये. मराठवाड्यासारख्या टँकरवर जगणाऱ्या मुलखात हा मुद्दा तिथल्यापेक्षा जास्त मोलाचा आहे.

पण हिशेब बघा. समजा रोज 1 लाख लिटर कंडेन्सेट निघतं आणि लिटरमागे 1 ग्रॅम आम्ल आहे. म्हणजे रोजचं 100 किलो आम्ल. एक लिटर रेझिन व्यवहारात साधारण 50 ते 60 ग्रॅम ॲसेटिक आम्ल धरेल. म्हणजे रोजच्या एका फेरीला अंदाजे 1,800 लिटर रेझिन हवं. भरलेलं रेझिन पुन्हा रिकामं करायला कॉस्टिक सोडा लागतो, 100 किलो आम्लाला कमीत कमी 67 किलो. आणि धुवून काय निघतं? सोडियम ॲसिटेटचं दाट पाणी, ज्यात जवळपास 137 किलो क्षार आहे.

चोपण जमिनीतला निचरा आठवावा तो इथं. रेझिन आम्ल नाहीसं करत नाही, एका टाकीतून दुसऱ्या टाकीत नेतं. लाख लिटर कमी आंबट पाण्याऐवजी काही हजार लिटर जास्त घाण पाणी हातात उरतं. ते बायोगॅसच्या टाकीत गेलं तर गॅस होतो, पण सोडियम फार झाला तर तिथले जिवाणूही बसतात. आणि ते मागच्या नाल्यात गेलं तर सगळी उस्तवार फुकट. म्हणून कारखानदारांपुढे खरा सवाल असा असतो की रेझिन घ्यायचं की जिवाणूंनाच कामाला लावायचं. सेंद्रिय आम्लांचा सगळ्यात स्वस्त गिऱ्हाईक म्हणजे जिवाणू, बायोगॅसची टाकी हेच आम्ल खाऊन इंधन देते. रेझिन शेवटच्या हातासाठी, उरलंसुरलं काढण्यासाठी शोभतं. सरळ स्पेंटवॉशवर ते लावायला गेलं तर तपकिरी रंगद्रव्यं मण्यांची भोकं बुजवून टाकतात. ज्यांचं काम साखरेचा रंग काढणं आहे, त्या रिफायनरीतल्या रेझिनलाही सारखं धुवावं लागतं.

नदीत का नाही

विष्णुपुरीच्या पाण्याचा सामू आंबट नसतो. गोदावरीच्या खोऱ्यातला बेसाल्ट आणि चुनखडीची काळी माती पाण्याला किंचित क्षारीच ठेवते. वरून आलेलं आम्ल नदीत शिरता शिरताच क्षार होऊन जातं. म्हणजे दुर्बळ-क्षारी रेझिन इथं निकामी. सबळ-क्षारी रेझिन लावलं तर ते आधी सल्फेट, नायट्रेट, क्लोराइड उचलतं, कारण नदीत तेच जास्त आहे आणि रेझिनला तेच जास्त आवडतं. ॲसिटेटचा नंबर रांगेत शेवटी. रेझिन भरून जाईल आणि ज्यासाठी आणलं ते पाण्यातच राहील.

एक अपवाद सांगायला हवा. पालापाचोळा आणि माती कुजून जी मोठी सेंद्रिय आम्लं होतात, ह्युमिक आणि फुल्विक, ती सबळ-क्षारी रेझिन चांगली पकडतं. त्यांचा धोका वेगळा आहे : पाण्यात क्लोरीन टाकला की त्याच्याशी मिळून ट्रायहॅलोमिथेन नावाची नको असलेली द्रव्यं तयार होतात. दक्षिण ऑस्ट्रेलियात माउंट प्लेझंट या गावी 2001 मध्ये चुंबकीय मण्यांचं रेझिन वापरून पिण्याचं पाणी शुद्ध करणारं केंद्र सुरू झालं ते यासाठीच. पण ते शहर-गावाला पाणी देणाऱ्या संस्थेचं केंद्र आहे, त्याच्या मागे प्रयोगशाळा आहे, धुण्याच्या पाण्याची सोय आहे. नांदेडच्या महापालिकेनं कधी असा विचार केला तर ती चर्चा रास्त ठरेल. दोन हजार वस्तीच्या गावानं करायचा तो खर्च नव्हे.

गावात नेमकं काय विकलं जातं

गावात "आयन एक्सचेंज" म्हणून जे येतं ते बहुतेक वेळा साधा सॉफ्टनर असतो. तो जडपणा कमी करतो, चहा-डाळीला बरं वाटतं, सोलरच्या पाइपात खपली धरत नाही. जंतू तो मारत नाही. उलट मण्यांची टाकी वेळच्या वेळी धुतली नाही तर जंतू तिथंच घर करतात. किनवट-मुखेडकडं ज्या बोअरना फ्लोराइडचा त्रास आहे, तो सॉफ्टनरनं जात नाही. नायट्रेट जातं, पण त्यासाठी वेगळं रेझिन लागतं. तेव्हा कोटेशन आलं की पहिला प्रश्न हा : आमच्या पाण्यात नेमकं काय जास्त आहे, रिपोर्ट कुठाय? पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक सांगतं की सामू 6.5 ते 8.5 हवा, नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या आत, फ्लोराइड 1 च्या आत आणि दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत. दुसरा प्रश्न : मणी धुतलेलं पाणी कुठं सोडणार? विक्रेता यावर "ते बघू नंतर" म्हणाला की कोटेशन बाजूला ठेवायला हरकत नाही.

आणि गावाचा पहिला शत्रू कोण, हेही विसरून चालत नाही. 2024 च्या जूनमध्ये नांदेडजवळच्या नेरलीत शेकडो लोक दूषित पाण्यानं आजारी पडले, दवाखाने भरले. अशा साथीवर इलाज टाकी धुणं, फुटलेली पाइपलाइन आणि टीसीएल पावडर हाच असतो. ते काम स्वस्त आहे, म्हणूनच बहुधा मागे पडतं.

जलजीवन मिशनमध्ये गावागावांत महिलांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण आणि तपासणी संच दिले गेले. त्या संचानं सामू, जडपणा, फ्लोराइड, नायट्रेट, शिल्लक क्लोरीन कळतो. बीओडी त्यात कळत नाही, सेंद्रिय आम्लंही नाहीत. त्यामुळं नदी तपकिरी झाली आणि संच "ठीक" म्हणाला, तर संच खोटा नाही आणि डोळेही खोटे नाहीत.

तपकिरी पाणी दिसलं तर

बाटलीत पाणी भरून तहसीलला नेणं हा आपल्याकडचा नेहमीचा मार्ग. त्याचा उपयोग लक्ष वेधण्यापुरता. जल प्रदूषण कायदा 1974 च्या कलम 21 प्रमाणे पुरावा म्हणून चालतो तो फक्त प्रदूषण मंडळाच्या अधिकाऱ्यानं रीतसर घेतलेला, सीलबंद नमुना, आणि तोही कारखान्याला नोटीस देऊन दोन भागांत केलेला. विरघळलेला ऑक्सिजन तर जागेवरच मोजावा लागतो, बाटलीत त्याचा आकडा बदलतो. बीओडीचा नमुना बर्फात ठेवून चोवीस तासांत प्रयोगशाळेत जायला हवा. सकाळी दिसलेलं पाणी संध्याकाळी पुढच्या बंधाऱ्यात गेलेलं असतं. म्हणून तक्रार त्याच तासाला, मंडळाच्या नांदेडमधल्या उपप्रादेशिक कार्यालयात, लेखी किंवा ईमेलनं, वेळ आणि मोबाइलचं लोकेशन असलेल्या फोटोसह जायला हवी. परभणीच्या हद्दीतून पाणी येत असेल तर तिकडच्या कार्यालयालाही. हद्दीच्या वादात चार दिवस जातात आणि तेवढ्यात डोह निवळतो.

माहिती मागायचीही सोय आहे. प्रत्येक डिस्टिलरीला मंडळाची संमती घ्यावी लागते, त्यात रोज किती अल्कोहोल, किती स्पेंटवॉश, त्याची विल्हेवाट कशी, हे लिहिलेलं असतं. डिस्टिलरीला सतत मोजमाप करणारी ऑनलाइन यंत्रणा बसवणं बंधनकारक आहे. उत्पादनाचा आकडा आणि आटवलेल्या, जाळलेल्या किंवा कंपोस्टमध्ये गेलेल्या स्पेंटवॉशचा आकडा शेजारी मांडला, तर 8 ते 15 लिटरच्या हिशेबानं ताळमेळ बसतो की नाही, हे दहावी पास पोरगंही सांगू शकतं. जो कारखाना हे आकडे ग्रामसभेत ठेवायला तयार होतो, त्याच्याकडे बोट दाखवायची गावाला घाई नसावी. जो टाळतो, त्याला माहिती अधिकाराचा अर्ज आहेच.

या सगळ्यात सगळ्यात नाजूक वेळ जूनचा पहिला पंधरवडा. पावसाळ्यात उघड्यावरचं कंपोस्ट बंद ठेवावं लागतं, लगून आधीच काठोकाठ असतात आणि पहिला मोठा पाऊस त्यांच्यावर पडतो. नदीला अजून पूर आलेला नसतो, वरची धरणं पाणी सोडत नाहीत, आणि ओढ्यातून जे उतरतं ते थेट बंधाऱ्यामागच्या उथळ पाण्यात येऊन थांबतं. लगून किती भरले आहेत, हे बघायची तारीख म्हणून मे महिन्याचा शेवटचा आठवडा धरावा लागेल.